रॉक्सबर्गशायर: नाव उरलं, गाव गेलं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या एका जुन्या ब्रिटिश थडग्यावर 'रॉक्सबर्गशायर' हे नाव तुम्ही वाचलं होतं. आता मुलीकडे एडिनबरात आला आहात, तीन दिवस मोकळे आहेत, पण नकाशात त्या नावाचा जिल्हा कुठेच दिसत नाही. तो नेमका कुठे आहे, तिथं पाहण्यासारखं काय आहे आणि इंग्लंडची हद्द म्हणजे प्रत्यक्षात काय दिसतं?

मी मूळचा भूगोलाचा शिक्षक. गेली सतरा वर्षं या भागात चालणाऱ्यांचा वाटाड्या म्हणून काम करतो. त्यामुळे उत्तर लांबेल, पण तीन दिवस हाताशी असतील तर ते लांबलेलं बरं.

आधी नकाशाचं. रॉक्सबर्गशायर हा स्कॉटलंडच्या आग्नेय कोपऱ्यातला, इंग्लंडला खेटून असलेला, साधारण 1,700 चौरस किलोमीटरचा जुना जिल्हा. 1975 साली स्कॉटलंडमधले जुने जिल्हे कारभारातून बाद झाले. तेव्हा रॉक्सबर्गशायर, बेरिकशायर, सेल्कर्कशायर आणि पीबल्सशायर एकत्र करून 'बॉर्डर्स' नावाचा विभाग झाला. आज त्याला स्कॉटिश बॉर्डर्स म्हणतात, म्हणून तुमच्या फोनच्या नकाशात जुनं नाव येत नाही. जुने दस्त, जन्ममृत्यूच्या नोंदी आणि थडगी मात्र अजून त्याच नावाने बोलतात. कुणाचं मूळ शोधत असाल तर 'बॉर्डर्स' लिहून काही हाती लागणार नाही. रॉक्सबर्गशायर आणि त्यातला पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतलं गाव, असं शोधावं लागतं.

पण माझ्या मते हा जिल्हा नकाशावरून गेला तो 1975 साली नव्हे, त्याच्या पाचशे वर्षं आधी. ज्या गावावरून त्याचं नाव पडलं, ते रॉक्सबर्ग तेव्हाच संपलं होतं. म्हणून नुसते मठ दाखवून मी कुणालाही परत पाठवत नाही, पहिल्याच दिवशी हे रिकामं रानही दाखवतो.

केल्सो गावातून टीव्हियट नदीच्या काठाने ए-699 रस्त्याने निघालात की चालत अर्ध्या तासात डाव्या हाताला टीव्हियट आणि उजव्या हाताला झाडांनी भरलेला एक उंच, लांबट उंचवटा दिसतो. उंचवट्याच्या पलीकडे ट्वीड वाहते. दोन नद्या जवळ येतात, एकमेकींना भेटायच्या आधी जमिनीची एक जीभ मधे सोडतात, आणि त्या जिभेवर बाराव्या-तेराव्या शतकात स्कॉटलंडमधलं एक मोठं गाव नांदत होतं. तिथं टांकसाळ होती, चर्चं होती, लोकरीचा व्यापार होता. एडिनबरा, स्टर्लिंग, बेरिक आणि रॉक्सबर्ग ही चार नगरं मिळून व्यापारी गावांचे तंटे सोडवणारं न्यायासन चालवत. आज तिथं गवत आहे आणि मेंढ्या आहेत. वरच्या टेकाडावर किल्ल्याच्या भिंतीचे दोनचार तुकडे उरलेत. पुढे टीव्हियटच्या काठी रॉक्सबर्ग नावाचं एक छोटं खेडं आहे, ते वेगळं. नावावर जाऊन लोक तिकडे पोचतात आणि हळहळत परत येतात.

गाव संपायचं कारण त्याच्या जागेतच होतं. जी जागा व्यापाराला सोयीची, तीच सैन्याला. किल्ला चौदाव्या-पंधराव्या शतकांत फार काळ इंग्रजांच्या हाती राहिला. किल्ला शत्रूकडे आणि आजूबाजूचा मुलूख आपला, अशा ठिकाणी बाजार कोण भरवणार? 1368 साली न्यायासनातून रॉक्सबर्ग आणि बेरिकची नावं काढून लॅनार्क आणि लिनलिथगोला बसवलं, कारण पहिली दोन्ही गावं इंग्रजांच्या ताब्यात होती. पुढे 1460 च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स स्वतः वेढा घालायला आला. त्याला तोफांचं भारी वेड. ट्वीडच्या पलीकडच्या काठावरून मारा चालू असताना जवळचीच एक तोफ फुटली आणि राजा जागच्या जागी गेला. वय 29. त्याच्या राणीने, मेरीने, वेढा उठू दिला नाही. किल्ला पडला आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आठवड्याभरात केल्सोच्या मठात राज्याभिषेक झाला. आणि मग स्कॉटिश लोकांनी एवढ्या मोलाने परत घेतलेला किल्ला आपल्याच हाताने पाडून टाकला.

इथं मी थांबतो, कारण आपल्या लोकांना हे पटकन पचत नाही. सह्याद्रीतल्या किल्ल्यांचे दरवाजे, पायऱ्या आणि तट 1818 नंतर इंग्रजांनी सुरुंग लावून उडवले. गड मोडणारा म्हणजे परका, हे आपल्या मनात पक्कं बसलंय. इथं उलटं आहे. जेडबर्गचा किल्लाही 1409 मध्ये स्कॉटिशांनीच पाडला. आपल्याला राखता येत नाही आणि शत्रूने घेतला तर तोच आपल्या उरावर बसतो, तेव्हा तो नसलेलाच बरा, असा हिशेब होता. हा हिशेब कळला की पुढचं सगळं रॉक्सबर्गशायर उलगडतं: इथं मोठे किल्ले कमी का आणि एकएकट्या कुटुंबाचे दगडी बुरूज एवढे का.

आता जमिनीकडे येऊ. रॉक्सबर्गशायर म्हणजे मुख्यतः टीव्हियटचं खोरं. नदी नैर्ऋत्येला डोंगरात उगवते, हॉइकमधून ईशान्येकडे वाहते आणि केल्सोला ट्वीडला मिळते. स्लिटरिग, एल, रूल, जेड, केल या तिच्या उपनद्या. जेड नदीवर जेडबर्ग. म्हणजे गावं, मठ, गिरण्या सगळं नदीला धरून आहे. म्हणूनच मी सांगतो, इथं फिरताना गाडीचा रस्ता हा धागा धरू नका, पाणी धरा. दक्षिणेला चेव्हियट डोंगररांग आहे आणि तिच्या माथ्यावरून इंग्लंडची हद्द जाते. खुद्द चेव्हियट हे 815 मीटरचं शिखर मात्र इंग्लंडच्या बाजूला आहे.

एक कोपरा याला अपवाद आहे, तो म्हणजे लिडल नदीचं खोरं, लिड्सडेल. तिथलं पाणी ट्वीडला न येता पश्चिमेकडे सॉल्वे खाडीला जातं. म्हणजे जिल्हा एक, पण पाणलोट दोन. आपल्या घाटमाथ्यासारखंच समजा, पाणी कुठल्या बाजूला पळतं त्यावर माणसांचा स्वभाव ठरतो. लिड्सडेलचे लोक जेडबर्गच्या न्यायाधीशाला कधीच फारसे जुमानत नसत, आणि त्याचं कारण मधल्या डोंगरात आहे.

केल्सोच्या आसपासची शेतं सपाट आणि सुपीक दिसतील. त्यांच्याखाली जुना लाव्हा आहे. भूगर्भशास्त्रात त्याला 'केल्सो ट्रॅप' म्हणत आलेत, आपल्या 'डेक्कन ट्रॅप'मधला तोच शब्द. मूळ स्वीडिश, अर्थ पायऱ्या. दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, केल्सोचा साधारण 35 कोटी वर्षांपूर्वीचा. आकाराने आपल्यापुढे तो काहीच नाही, पण सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला परदेशात बसाल्ट पायाखाली आला की बरं वाटतं. मला तरी वाटतं. मेलरोजच्या डोक्यावरचे तीन आइल्डन डोंगर, हॉइकच्या वाटेवरचा रूबर्सलॉ, स्मेलमचा कातळ हीसुद्धा जुन्या ज्वालामुखींची करणी. भोवतीचा मऊ खडक झिजून गेला, कठीण तेवढा उभा राहिला.

पण खडकांत सगळ्यात मोलाची जागा जेडबर्गच्या दक्षिणेला इंचबॉनी इथं, जेड नदीच्या काठावर आहे. 1787 साली भूगर्भशास्त्रज्ञ जेम्स हटनने तिथं एक कडा पाहिला. खाली करड्या खडकाचे थर जवळजवळ उभे, पुस्तकं फळीवर लावावीत तसे. वर तांबड्या वालुकाश्माचे थर आडवे. हटनच्या डोक्यात जे आलं ते असं: खालचे थर समुद्रतळाशी आडवे साचले असणार, मग दगड झाले, मग वळून उभे झाले, डोंगर बनून उघडे पडले, झिजून सपाट झाले आणि त्यानंतर कुठे त्यांच्यावर नवे थर बसले. एवढं सगळं व्हायला बायबलातली सहा हजार वर्षं पुरणार नाहीत. पुढच्याच वर्षी बेरिकशायरच्या किनाऱ्यावर सिकर पॉइंटला त्याला असाच देखावा दिसला आणि तो जगभर गाजला. पण जेडबर्गचा कडा आधीचा आहे, हे मी प्रत्येकाला सांगतो. तो करडा खडक ज्या प्राचीन समुद्रात साचला त्याचं नाव आयापेटस. त्याच्या एका काठावर आजचं स्कॉटलंड होतं, दुसऱ्या काठावर इंग्लंड. तो समुद्र मिटला आणि दोन भूखंड जिथं जुळले, ती शिवण आजच्या हद्दीच्या आसपासच जमिनीखालून जाते.

याच इंचबॉनीत पुढे जेम्स व्हाइच नावाचा नांगर बनवणारा कारागीर राहत होता, आणि तो दुर्बिणीही बनवायचा. त्याच्या कारखान्यात जेडबर्गचा एक मुलगा येऊन बसायचा, डेव्हिड ब्रूस्टर, जन्म 1781. प्रकाशाच्या ध्रुवीकरणाचा अभ्यास करणारा आणि कॅलिडोस्कोप शोधणारा तो हाच. त्याच्या वर्षभर आधी, 1780 च्या डिसेंबरमध्ये, त्याच गावात मेरी सॉमरविल जन्मली. गणित आणि खगोलशास्त्रात तिने जे केलं त्यासाठी ऑक्सफर्डच्या एका कॉलेजला तिचं नाव दिलंय. एवढ्याशा गावातून एका वर्षात अशी दोन माणसं निघाली. जेडबर्गला लोक मठ बघून निघून जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता हद्दीचा प्रश्न. 1237 च्या यॉर्कच्या तहाने ट्वीडपासून सॉल्वेपर्यंतची रेघ दोन्ही राजांनी मानली. बेरिकशायरमध्ये ती रेघ म्हणजे ट्वीड नदी. पण कॅरमजवळ ती नदी सोडते, रॉक्सबर्गशायरच्या कडेकडेने चेव्हियटच्या माथ्यावर चढते आणि पलीकडे केर्शोप ओढ्याने उतरते. जेडबर्गहून ए-68 रस्त्याने कार्टर बारला गेलात तर 418 मीटर उंचीवर, खिंडीतच, दोन मोठे दगड दिसतील, एकीकडे स्कॉटलंड, दुसरीकडे इंग्लंड. तिथं वाऱ्यात उभं राहून उत्तरेकडे बघा. आइल्डनची तीन शिखरं स्वच्छ दिवशी ओळखू येतात. पाठीमागेही तसेच डोंगर, तसंच गवत, तशाच मेंढ्या. हद्द डोळ्यांना दिसत नाही, आणि मध्ययुगात ती फार पाळलीही जात नव्हती.

तेव्हा सीमा ही रेघ नव्हती, एक रुंद पट्टा होता. दोन्ही बाजूंना तीन-तीन 'मार्च', म्हणजे सीमेवरचे मुलूख, प्रत्येकावर एक वॉर्डन, म्हणजे राखणदार अधिकारी. त्यांचा कायदा वेगळा, 1249 साली दोन्हीकडच्या सरदारांनी बसून ठरवलेला. गुरं चोरीला गेली तर सहा दिवसांच्या आत हद्द ओलांडून पाठलाग करायचा हक्क असे. भाल्याच्या टोकाला गवताळ मातीचं जळतं ढेकूळ लावून निघायचं, म्हणजे हा दरोडा नाही, शोध आहे, हे सगळ्यांना कळावं. ठरलेल्या दिवशी दोन्ही वॉर्डन हद्दीवर भेटत आणि फिर्यादी निकालात काढत. अशाच एका भेटीत 1575 साली कार्टर बारच्या जागी शब्दाला शब्द लागून लढाई झाली.

या पट्ट्यातल्या घोडेस्वार लुटारूंना 'रीव्हर' म्हणतात. आर्मस्ट्राँग, एलियट, केर, निक्सन, क्रोझर ही त्यांची घराणी. लोक त्यांना देशभक्त समजतात किंवा दरोडेखोर. माझ्या मते दोन्ही चूक. सैन्यं येऊन दर पिढीला पीक जाळत असतील तर शेतीत जीव कोण ओतणार? गुरं हाकून नेता येतात, म्हणून संपत्ती गुरांतच ठेवायची, आणि ती कमी पडली की शेजाऱ्याची हाकून आणायची. शेजारी स्कॉटिश की इंग्लिश हे बघायचं कारण नव्हतं. एलियट आर्मस्ट्राँगांना लुटत आणि हद्दीपलीकडच्या घराण्यांत मुली देत. 1530 साली राजा पाचव्या जेम्सने टीव्हियटच्या वरच्या खोऱ्यात कार्लनरिगला जॉनी आर्मस्ट्राँगला त्याच्या माणसांसकट फासावर दिलं, तरी काही फरक पडला नाही. 1603 मध्ये दोन्ही मुकुट एकाच डोक्यावर आले तेव्हा कुठे हे थांबलं. राजाला दोन्ही बाजू आपल्याच झाल्या. मग फाशी आणि हद्दपारी यांनी उरलेलं काम केलं. 'जेडबर्गचा न्याय' म्हणजे आधी फाशी, मग खटला, ही म्हण त्याच दिवसांची खूण आहे.

रीव्हरांचा काळ अंगावर घ्यायचा असेल तर स्मेलम टॉवर आणि हर्मिटेज, एवढे दोन पुरेत. स्मेलम हा उघड्या कातळावरचा, साधारण 20 मीटर उंचीचा एकटा बुरूज. खाली गुरं, वर माणसं. पायथ्याच्या शेतघरात लहानपणी पाय अधू झालेला लेखक वॉल्टर स्कॉट आजोबांकडे राहायला होता. इथल्या बायकांकडून ऐकलेली गाणी त्याने जन्मभर पुरवली आणि शेवटी मेलरोजजवळ अ‍ॅबट्सफर्ड बांधून याच जिल्ह्यात 1832 साली देह ठेवला.

हर्मिटेज लिड्सडेलमध्ये आहे, चौदाव्या शतकातला, जाडजूड आणि उदास. 1342 साली इथं सर अलेक्झांडर रॅमझीला कोठडीत उपाशी मारलं. 1566 च्या ऑक्टोबरमध्ये स्कॉटलंडची राणी मेरी (दुसऱ्या जेम्सची मेरी ती वेगळी) जेडबर्गला न्यायनिवाड्यासाठी आली होती. हर्मिटेजमध्ये जखमी पडलेल्या बॉथवेल या सरदाराला भेटायला ती घोड्यावरून गेली आणि त्याच दिवशी परतली, जाऊन-येऊन सुमारे 80 किलोमीटर, तेही दलदलीच्या डोंगरातून. परत आल्यावर तापाने फणफणली आणि मरता मरता वाचली. त्या वाटेचा काही भाग मी चाललोय. पावसात पाय गुडघ्यापर्यंत रुततो.

मठांबद्दल सगळेच लिहितात म्हणून मी थोडकं लिहितो. पहिल्या डेव्हिड राजाने बाराव्या शतकात केल्सो, मेलरोज आणि जेडबर्ग हे तीन मठ वीसएक वर्षांच्या अवधीत या एका जिल्ह्यात उभे केले. चौथा, ड्रायबर्ग, जवळच पण बेरिकशायरमध्ये. मठ म्हणजे नुसती प्रार्थना नव्हे. मेंढ्या, लोकर, गिरण्या, जमिनी. हद्दीवर एवढं वैभव उभं करण्यात 'हा मुलूख माझा' असं सांगणंही होतं. म्हणून तर प्रत्येक स्वारीत आधी मठ जळत, आणि 1545 मध्ये इंग्रज सेनापती हर्टफर्डच्या फौजेने ते कायमचे मोडले. वेळ कमी असेल तर जेडबर्ग बघा, कारण छप्पर नसलं तरी भिंती जवळजवळ पूर्ण उंचीच्या आहेत. मेलरोजला बाहेरची कोरीव कामं बघा, बॅगपाइप वाजवणारं डुक्कर शोधा. तिथं शिशाच्या डबीत एक हृदय पुरलंय, स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याचं मानतात. 1996 मध्ये ती डबी उत्खननात बाहेर निघाली आणि 1998 मध्ये पुन्हा जमिनीत ठेवली.

आता तुमच्या थडग्याकडे, म्हणजे हिंदुस्थानशी असलेल्या नात्याकडे. हॉइक आणि जेडबर्गच्या मधे, टीव्हियटच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर आहेत, डेनम आणि मिंटो. मिंटो हे एलियट घराण्याचं, त्याच रीव्हर एलियटांचं. त्यातला पहिला लॉर्ड मिंटो 1807 ते 1813 हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता. चौथा लॉर्ड मिंटो 1905 ते 1910 व्हाइसरॉय. टिळकांना 1908 साली मंडालेला पाठवलं ते याच्या कारकिर्दीत. समोरच्या डेनममध्ये 1775 साली जन्मलेला जॉन लेडन, साध्या घरातला, भाषांचा वेडा, आधी मद्रासला आणि मग कलकत्त्याला आला आणि पहिल्या मिंटोबरोबर 1811 च्या जावा मोहिमेवर जाऊन तिथंच तापाने वारला. त्याच मोहिमेनंतर जावातून एक प्रचंड शिलालेख मिंटोच्या जमिनीवर आणला गेला. लेख जुन्या जावा भाषेतला, कवी लिपीतला, त्यावरचं साल शके 850. सांगूरान हे त्याचं मूळ स्थान, आणि इंडोनेशियाने तो परत मागितला आहे. स्कॉटलंडच्या टेकडीवर शालिवाहन शकाचं साल कोरलेला दगड आला, ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. माझं मत सरळ आहे: तो दगड जावात असायला हवा.

डेनममध्येच 1837 साली जेम्स मरी जन्मला, ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी शब्दकोशाचा संपादक. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात ते इथं दोन-तीन कोसांवरच बदलते. हॉइकची बोली जेडबर्गला वेगळी वाटते, आणि त्या भेदांचा पहिला शास्त्रीय अभ्यास मरीनेच केला. महाबळेश्वरच्या माल्कमपेठेचा जॉन माल्कम मात्र या जिल्ह्यातला नाही. तो शेजारच्या डम्फ्रिसशायरमधल्या लँगमजवळचा. हर्मिटेजला जाताना वेळ असेल तर लँगमच्या डोंगरावरचा त्याचा उंच दगडी खांब बघता येईल.

उरलं हॉइक. पर्यटक ते टाळतात, आणि ती चूक आहे. जिल्ह्यातलं सगळ्यात जिवंत गाव हेच. 1771 मध्ये इथं मोजे विणायचे चार माग आले आणि त्यातून होजिअरीचा धंदा उभा राहिला. 1514 मध्ये, इंग्रजांविरुद्धच्या फ्लॉडनच्या लढाईत कर्ती माणसं मेल्यानंतर, गावच्या पोरांनी इंग्रजांच्या एका तुकडीला हरवून तिचं निशाण हिसकावलं. त्याची आठवण म्हणून दर जूनमध्ये शेकडो घोडेस्वार गावच्या सामाईक जमिनीच्या शिवेवरून दौडतात. हा देखावा पाहुण्यांसाठी नसतो, शिव राखायचा विधी आहे. 1996 मध्ये बायकांनी दौडीत यावं की नाही यावरून गाव फाटलं होतं, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. आज त्या दौडीत बायका असतात.

तीन दिवसांचं असं करा. एडिनबराहून ट्वीडबँकपर्यंत रेल्वे आहे, तासाभरात पोचते. ती 1969 मध्ये बंद झालेल्या जुन्या मार्गाचाच 2015 मध्ये पुन्हा सुरू झालेला तुकडा, हॉइकला अजून गाडी नाही. पहिल्या दिवशी मेलरोज, आइल्डनवर चढण आणि गावातलं ट्रिमॉन्टियम या रोमन छावणीचं संग्रहालय. मुक्काम केल्सोला, संध्याकाळी रॉक्सबर्गचं रान, ऊन तिरपं असताना जुन्या भिंती उठून दिसतात. दुसरा दिवस जेडबर्ग आणि कार्टर बार. तिसऱ्या दिवशी गाडी भाड्याने घ्या, डेनम आणि हॉइक करून डोंगर ओलांडून हर्मिटेज. हिवाळ्यात हर्मिटेज बंद असतो आणि मठांच्या काही भागांत डागडुजी चालू असते, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. कुरणांतून चालायला कायद्याने मोकळीक आहे, पण एप्रिल-मेमध्ये कोकरं लहान असतात. कळपाला वळसा घाला आणि फाटक जसं होतं तसं ठेवा. थडग्यावर पॅरिशचं नाव कोरलेलं असेल तर मला कळवा, ते गाव कुठल्या ओढ्याच्या काठी आहे ते सांगतो, म्हणजे तिसऱ्या दिवसाची वाट त्या बाजूने वळवता येईल.